फोडायचं ते वाळवण्यासाठी

एप्रिल लागला, रस्त्याकडेचा काळवंडलेला बर्फ वितळू लागला, की न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमधल्या हार्डवेअरच्या दुकानांपुढे लॉग स्प्लिटर रांगेनं उभे राहतात. लाल, पिवळे, काळे. दोन चाकं, एक पेट्रोलचं इंजिन, एक लांब पोलादी तुळई आणि तिच्यावर एक पाचर. प्रत्येकाच्या अंगावर लांबून वाचता येईल असा आकडा रंगवलेला: २२ टन, २७ टन, ३७ टन. गिऱ्हाईक येतं, इंजिनावर एक नजर टाकतं, किंमत बघतं आणि खिशाला झेपेल तो सगळ्यांत मोठा आकडा गाडीमागे जोडून घरी नेतं.

लाकूड फोडायच्या या यंत्राबद्दल कुणी विचारलं तर मी त्या आकड्याकडे जरा उशिरा वळतो. आधी विचारतो, लाकूड फोडायचं कशाला? उत्तर ठरलेलं असतं: स्टोव्हच्या दारातून आत जावं म्हणून. खरं आहे, पण अर्धंच. दारातून सहज आत जाईल असा ओंडकासुद्धा फोडावाच लागतो, कारण फोडल्याशिवाय तो वाळत नाही. लॉग स्प्लिटर हे मुळात लाकूड वाळवायचं यंत्र आहे. ही गोष्ट ध्यानात आली की कोणतं यंत्र घ्यावं, कधी चालवावं आणि घ्यावं तरी का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

जिथली ही गोष्ट आहे तिथली थंडी आधी सांगायला हवी. अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात ऑक्टोबर ते एप्रिल घर तापवावं लागतं आणि जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. बहुतेक जुनी घरं तळघरातल्या तेलाच्या भट्टीवर तापतात. १९७३ च्या तेलटंचाईत आणि पुन्हा १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा लोकांना आजोबांच्या काळातला लोखंडी स्टोव्ह आठवला आणि मागच्या रानातली झाडं दिसू लागली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांत लाकूड हे मुख्य किंवा जोडीचं जळण आहे. त्याचं माप कॉर्ड. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. मधल्या फटी वजा केल्या तर त्यात निव्वळ लाकूड सुमारे ८५ घनफूट भरतं. लाकडावरच तापणारं घर हिवाळ्यात चार ते सहा कॉर्ड खातं. चांगल्या वाळलेल्या ओकची एक कॉर्ड, स्टोव्ह आणि भट्टी दोन्हींची गळती धरूनही, साधारण १४० गॅलन तेलाचं काम करते. लिटरमध्ये सांगायचं तर सव्वापाचशेच्या वर.

कोकणातल्या माणसाला बेगमी शिकवायला नको. आगोटीच्या आधी जळण फोडून पडवीत रचून ठेवायचं, हे तिथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वेळापत्रक. फरक एवढाच की तिथे एप्रिल-मेचं ऊन महिन्या-दोन महिन्यांत जे करून देतं, त्याला इथे एक उन्हाळा लागतो, आणि ओकला दोन.

का लागतात ते पाण्याच्या हिशेबावरून कळतं. ताज्या तोडलेल्या रेड ओकच्या गाभ्यात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असतं. १०० किलो लाकडाच्या सोबतीला ८० किलो पाणी. जाळण्यालायक लाकूड म्हणजे ओलाव्याच्या मीटरवर २० टक्के किंवा त्याखाली. ओकच्या एका कॉर्डमध्ये कोरडं लाकूड १,३५० किलोच्या आसपास असतं. म्हणजे थप्पी रचल्यापासून ती पेटवेपर्यंत तिच्यातून सुमारे ८०० लिटर पाणी उडून जायला हवं. पाच कॉर्डचं चार हजार लिटर. आणि हे सगळं विस्तव न लावता, नुसत्या वाऱ्याउन्हावर.

हेच पाणी स्टोव्हमध्ये उडवलं तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि गणित केलं तर पहिलं उत्तर चकवणारं येतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. ८०० किलोंना १,८०० मेगाज्यूल, आणि ते पाणी उकळीपर्यंत आणायला आणखी दोन-अडीचशे. कॉर्डभर ओकमध्ये एकूण उष्णता असते २५,००० मेगाज्यूलच्या घरात. नुकसान आठ टक्के. आठ टक्क्यांसाठी दोन वर्षं कोण थांबेल?

खरं नुकसान त्या आठ टक्क्यांत नसतंच. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण तापलेल्या लाकडातून आधी वायू सुटतात आणि जळतात ते वायू. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्यांच्यातच असते. ते पुरते जळायला स्टोव्हच्या आत सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान हवं. ओलं लाकूड घातलं की पाण्याची वाफ होता होता आतली आग थंडावते, वायू न जळताच धूर होऊन वर जातात, आणि धुराड्याच्या गार भिंतींना डांबरासारखा काळा, चिकट थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. घर गार राहतं हा त्यातला लहान तोटा. तो थर एखाद्या रात्री मोठ्या आगीनं पेटला तर धुराडं आतून भट्टीसारखं जळतं, आणि इथली घरं लाकडाची.

सरकारी नियमही याच वाटेनं गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९८८ मध्ये लाकडाच्या नव्या स्टोव्हच्या धुराला पहिल्यांदा मर्यादा घातली, २०१५ मध्ये ती कडक केली, आणि मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हला तासाला दोन ग्रॅम धूरकण एवढीच मुभा राहिली. ही मर्यादा पाळण्यासाठी हे स्टोव्ह वायू दुसऱ्यांदा जाळतात. कुणी आत गरम हवा सोडून, कुणी उत्प्रेरकाची जाळी बसवून. पण चाचणी होते ती वाळलेल्या लाकडावर. घरी आणून त्यात गेल्या महिन्यात फोडलेला ओक भरला की तीन हजार डॉलरचा स्टोव्ह ओल्या गोवरीच्या चुलीसारखा धुमसतो.

आता फोडण्याचा आणि वाळण्याचा संबंध. झाडात पाणी मुळापासून शेंड्याकडे चढतं, त्यासाठी खोडात उभ्या सूक्ष्म नळ्या असतात. झाड तोडल्यावरही पाण्याची सोपी वाट तीच: धाग्यांच्या दिशेनं ओलावा आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं सरकतो. म्हणून जळणाचे ओंडके आखूड, बहुधा सोळा इंचांचे कापतात. पण बाजूनं ओलावा बाहेर पडूच शकत नाही, कारण तिथे साल असते, आणि पाणी आत राखणं हेच सालीचं जन्मभराचं काम. पांढऱ्या बर्चच्या सालीनं तर इथले मूळ रहिवासी होड्या मढवत. बर्चचा ओंडका न फोडता सालीसकट ठेवून दिला तर वाळायच्या आधी कुजतो. वर्षभरानं हातात घ्यावा तर हलका, आणि बोट दाबलं तर आत जातं. फोडला की दोन-तीन बाजू उघड्या होतात आणि गाभ्यातल्या पाण्याला दोन-तीन इंचांवर हवा भेटते.

झाडाझाडात फरक आहेच. अ‍ॅश उभा असतानाच कमी ओला; त्यात पाणी जेमतेम ४५ टक्के, त्यामुळे वसंतात फोडला तर तो त्याच हिवाळ्यात पेटतो. व्हाइट ओक याच्या अगदी उलट. त्याच्या गाभ्यातल्या नळ्या झाडानं स्वतःच बुजवून टाकलेल्या असतात. व्हिस्कीची पिपं त्याचीच करतात ती म्हणूनच, आतली दारू झिरपत नाही. जे लाकूड पिपातली दारू बाहेर जाऊ देत नाही, ते स्वतःतलं पाणी तरी लवकर कशाला सोडेल?

या सगळ्यातून एक वेळापत्रक निघतं. झाडं हिवाळ्यात पाडायची, बर्फावरून ओढून आणायची, आणि एप्रिल-मेमध्ये फोडून रचून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढचा उन्हाळा पुरा हाती लागतो. अडचण अशी की एप्रिल-मेमध्येच बाग असते, छत गळत असतं, रस्त्यावर गुडघाभर चिखल असतो. कुऱ्हाडीनं फोडणारा माणूस शनिवार-रविवारी थोडं थोडं फोडत सप्टेंबरला पोचतो. तोवर ऊन संपलेलं असतं. तेच लाकूड यंत्र दोन-तीन शनिवार-रविवारांत उरकतं. कष्ट वाचतात हे सगळे सांगतात. मला मोलाचं वाटतं ते हे, की काम मे महिन्यातच संपतं.

लाकूड विकत घेणाऱ्यालाही हे कळलेलं बरं. विक्रेता 'सीझन्ड', म्हणजे वाळलेलं, म्हणून जे विकतो, त्यातलं बरंचसं वर्षभर लांबच्या लांब ओंडक्यांच्या स्वरूपात पडून असतं आणि गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर कापून फोडलं जातं. माल वर्षाचा जुना आहे हे तो खोटं बोलत नाही. पण वाळण्याच्या घड्याळात त्या वर्षाचे फार तर दोन-तीन महिने जमा होतात.

लाकूड फुटतं कसं, हे कुऱ्हाडीशी खेळलेल्या माणसाला हातांनी ठाऊक असतं. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेले लांब धागे. धाग्यांच्या दिशेनं ओढून ते तुटत नाही, पण धागे एकमेकांपासून अलग करायला त्या मानानं फारच थोडा जोर पुरतो. पाचर पहिले इंच-दोन इंच घुसेपर्यंतच खरा विरोध. मग चीर पाचरीच्या पुढे पुढे पळते. अ‍ॅश, रेड ओक, मेपल यांचे धागे सरळ. आठ पौंडांचा मॉल, म्हणजे घण आणि कुऱ्हाड यांच्या मधलं इथलं हत्यार, नीट बसला तर ओंडका एका घावात दोन तुकडे होऊन पडतो, आणि कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठलेलं असलं तर आणखी सहज. एल्मचं तसं नाही. त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, वर्षागणिक उलटसुलट पिळा घेत वाढलेले. मॉल त्यात रुतून बसतो आणि काढायला दुसरा लागतो. आपल्याकडे खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो, याचं कारण हेच. गुंतलेल्या धाग्यांचं लाकूड हजारो घाव खाऊनही दुभंगत नाही. अशी लाकडं, आणि फांदी फुटलेल्या जागच्या गाठी, यांच्यासाठी यंत्र लागतं. सरळ धाग्याच्या अ‍ॅशसाठी खरं म्हणजे लागत नाही.

यंत्राचं तत्त्व जुनं आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे पास्कालनं सतराव्या शतकात मांडलं, आणि त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामा यानं १७९५ मध्ये इंग्लंडात घेतलं. लॉग स्प्लिटर हे त्याचंच आडवं पडलेलं भावंड. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि ओंडक्याला पाचरीवर रेटतो.

आता टनांकडे येऊ. सिलिंडरचा आतला व्यास ४ इंच धरा. दट्ट्याचं क्षेत्रफळ झालं साडेबारा चौरस इंचांहून किंचित जास्त. तेलाचा दाब चौरस इंचाला २,५०० पौंड. गुणाकार येतो सुमारे ३१,४०० पौंड. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, आपल्या टनाहून जवळजवळ ९३ किलोंनी लहान. तरी हे झाले १५.७ टन. दाब ३,००० केला तरी १९ गाठत नाही. ४ इंची सिलिंडरमधून २७ टन काढायचे तर दाब ४,३०० च्या आसपास न्यावा लागेल, आणि घरगुती यंत्रांचे पंप सहसा ३,००० च्या जवळपास थांबतात. म्हणून दुकानात गेलात तर रंगवलेला आकडा सोडा, माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि कमाल दाब शोधा, आणि मोबाइलवर गुणाकार करा. शाळेत पाठ केलेलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आयुष्यात कधी उपयोगी पडणार, हा प्रश्न इथे सुटतो.

आणि समजा टन खरे असले, तरी ते फुकट मिळत नाहीत. ४ इंची, २४ इंच लांब धावेचा सिलिंडर पूर्ण भरायला सव्वा गॅलनहून थोडं जास्त तेल लागतं. पंप मिनिटाला ११ गॅलन देत असेल तर दट्ट्या सात सेकंदांत पुढे जातो, पाच-सहा सेकंदांत मागे येतो. त्याच पंपावर ५ इंची सिलिंडर लावा: जोर दीडपटीहून वाढतो, पण नुसतं पुढे जायलाच अकरा सेकंद. मोठा आकडा म्हणजे मंद यंत्र, जोवर पंप आणि इंजिनही तेवढंच मोठं नाही तोवर.

या पंपात एक छान युक्ती असते. आत दातेरी चाकांच्या दोन जोड्या, एक मोठी, एक लहान. दट्ट्याला अडथळा नसतो तेव्हा दोन्ही जोड्या तेल ढकलतात आणि तो झपझप सरकतो. पाचर लाकडाला भिडली, दाब पाच-सहाशे पौंडांच्या वर चढला, की एक झडप उघडते, मोठ्या जोडीचं तेल परत टाकीत वळतं आणि एकटी लहान जोडी मिनिटाला तीन गॅलनच्या आसपास तेल पूर्ण दाबानं रेटत राहते. कानाला हा बदल कळतो. इंजिनाचा आवाज एकदम भारदस्त होतो आणि दट्ट्या रांगायला लागतो. छोट्या इंजिनात एवढा जोर येतो तो यामुळे. सरळ धाग्याचं लाकूड दुसऱ्या टप्प्यावर जायच्या आतच फुटतं. म्हणजे ज्या टनांचे पैसे मोजले ते दिवसभरात मोजक्याच ओंडक्यांना लागतात. आणि तेवढे ओंडके बाजूला ठेवून शेवटी पाहायचे, किंवा सरळ परसातल्या शेकोटीला द्यायचे, असं माझं मत आहे. एका वाकड्या गाठीपायी पाचशे डॉलर जास्त मोजण्यात काय हशील?

चक्री स्प्लिटर हा दुसरा प्रकार. त्यात तेल नाहीच. लहानसं इंजिन एक-दोन जड चाकं गरागरा फिरवत ठेवतं; दांडा ओढला की त्या चाकांतली साठलेली ऊर्जा दातेरी पट्टीवरून रेट्याला मिळते आणि दोन-तीन सेकंदांत फेरी पुरी. हा मॉलचाच यांत्रिक अवतार म्हणा. बघायला थरार आहे, पण तीन सेकंदांचा फायदा घ्यायला ओंडकेही तेवढ्याच वेगानं हाताशी यायला हवेत. एकट्या माणसाचा वेळ यंत्रात जात नाही. तो वाकण्यात, उचलण्यात, फिरवण्यात आणि फेकण्यात जातो. पाच-सात टनांचे विजेवर चालणारे छोटे स्प्लिटरही मिळतात. घराच्या साध्या प्लगवर चालतात, आवाज फारसा करत नाहीत, आणि दीड-दोन कॉर्ड जाळणाऱ्याला ते पुरतात. पुरुषमंडळी त्यांच्याकडे बघून हसतात. हसू द्यावं.

वजनाचा विचार मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. २० इंच व्यासाचा, १६ इंच लांबीचा ओल्या ओकचा ओंडका ८० किलोंच्या वर भरतो. तो कंबरेइतक्या उंच तुळईवर दिवसभर चढवणं म्हणजे पाठीला निरोप देणं. म्हणून बऱ्याच यंत्रांची तुळई उभीही करता येते. पाचर वरून खाली येते आणि ओंडका जमिनीवरूनच लोटून खाली सरकवायचा. मोठे उभ्यानं फोडायचे, लहान आडव्यानं. दुसरी एक साधी गोष्ट: ओंडका १६ इंच आणि धाव २४ इंच असेल, तर दट्ट्या दर वेळी शेवटपर्यंत मागे येऊ द्यायचा नाही. ओंडका बसेल एवढ्यावर थांबवायचा. प्रत्येक फेरीतले तीन-चार सेकंद वाचतात, आणि मे महिन्याच्या शनिवारी अशा शेकडो फेऱ्या होतात.

हे यंत्र सावकाश चालतं म्हणून निरुपद्रवी वाटतं आणि तिथेच बोटं जातात. अपघाताची नेहमीची रीत अशी: एक माणूस दांड्यावर, दुसरा ओंडका ठेवायला. ठेवणारा शेवटच्या क्षणी ओंडका नीट करायला हात घालतो आणि दांड्यावरचा तो ठेवून झाला असं समजून दांडा दाबतो. मुलाला मदतीला घेणाऱ्या बापांनी हे आधी वाचावं. जो ओंडका ठेवेल तोच दांडा दाबेल, दुसऱ्या कुणाचा हात तुळईजवळ येणार नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवा. युरोपच्या मानकात, म्हणजे ईएन ६०९-१ मध्ये, पाचरीच्या स्प्लिटरला दोन्ही हातांनी दाबायची कळ सक्तीची आहे. दोन्ही हात कळीवर असतील तर पाचरीखाली येणार कसे? अमेरिकन यंत्रांत बहुधा एकच दांडा असतो. तिथे शिस्त माणसानंच आणायची.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अडीच हजार पौंडांच्या दाबाखालच्या रबरी नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, तर तेलाची धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त लाल ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. 'उद्या बघू' म्हणणाऱ्यांनी बोटं आणि हात गमावलेले आहेत. नळी ओली दिसली तर हात फिरवून गळती शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

घ्यावं की भाड्यानं आणावं? चांगला घरगुती स्प्लिटर हजार ते दोन हजार डॉलरला पडतो, भाडं दिवसाला शंभराच्या आसपास. नुसत्या भागाकारानं भाडं जिंकतं. पण भाड्याचं यंत्र दाराशी उभं असलं की माणूस संध्याकाळी सहानंतरही थांबत नाही, आणि थकलेले हात पाचरीजवळ चुकतात. शिवाय मे महिन्यातला प्रत्येक शनिवार भाड्याच्या दुकानात आधीच कुणीतरी अडवलेला असतो. आमच्या रस्त्यावर तीन घरांनी मिळून एक स्प्लिटर घेतला आहे, आणि हीच व्यवस्था मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. वर्षातले साडेतीनशे दिवस ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या वस्तूला एकच मालक कशाला हवा? भांडण व्हायचं तर ते वापरावरून होत नाही, देखभालीवरून होतं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते टाकीत महिनोन्‌महिने राहिलं की कार्ब्युरेटर चिकटून बसतो. शेवटच्या माणसानं टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, एवढं लिहून काढलेलं असावं. गारठ्यात तेल घट्ट होतं, तेव्हा काही मिनिटं इंजिन मंद चालवून मगच पहिला ओंडका ठेवायचा. आणि यंत्र गाडीमागे ओढून नेताना ताशी ४५ मैलांच्या आत राहायचं. त्याच्या आसाला स्प्रिंगा नसतात, रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला कळतो.

बोस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकीच्या खोलीत विटांची सुरेख फायरप्लेस असते आणि पहिल्या हिवाळ्यात कुणाकुणाला स्प्लिटरची स्वप्नं पडतात. त्यांनी सबुरीनं घ्यावं. उघडी फायरप्लेस जेवढी उष्णता खोलीला देते, जवळजवळ तेवढी तापलेली हवा धुराड्यातून बाहेर ओढते. दिवाळीला आणि ख्रिसमसला पेटवायला दुकानातली जळणाची दोन गाठोडी पुरतात.

गाठोड्यांवरून आठवलं. २००२ मध्ये मिशिगनात डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोअरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगा सापडला. तो आशियातून आला होता. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करत झाडाची रसवाट तोडतात. तेव्हापासून कोट्यवधी अ‍ॅश वाळून उभे आहेत किंवा पडले आहेत. व्हरमाँटमध्ये तो २०१८ ला पोचला. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला राज्याराज्यांतून फिरवलं ते माणसांनी, जळणाच्या लाकडासोबत. कॅम्पिंगला जाताना गाडीत घरचं लाकूड टाकायचं, उरलेलं तिथेच सोडून यायचं, एवढ्यानं काम झालं. म्हणून लाकूड जिथे तोडलं तिथेच जाळा, असं आता प्रत्येक उद्यानाच्या दारावर लिहिलेलं असतं. जळणवाल्यांसाठी ही संपत्ती दुःखाची आहे: सरळ फुटणारं, कमी ओलं, लवकर पेटणारं, सगळ्यांत गुणी लाकूड आज मुबलक आहे, कारण ते झाड नाहीसं होत चाललं आहे.

फोडून झाल्यावरही वाद संपत नाहीत. नॉर्वेत लार्स मिटिंग यांचं लाकडावरचं पुस्तक २०११ मध्ये निघालं आणि तुफान खपलं. त्याच्या प्रेरणेनं तिथल्या सरकारी वाहिनीनं फेब्रुवारी २०१३ मध्ये बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यातले चार तास लाकूड तोडणं, फोडणं आणि रचणं. आठ तास नुसती पेटलेली शेकोटी. लोकांनी तो पाहिला, आणि तक्रारी आल्या त्या थप्पीतल्या लाकडाची साल वर असावी की खाली यावरून. माझा पक्ष विचाराल तर: थप्पी उघड्यावर असेल तर वरचा थर साल वर करून रचा, पाऊस ओघळून जातो, छपराखाली असेल तर कसंही रचा, पण बाजू झाकू नका. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेली थप्पी हे या भागात सगळ्यांत जास्त दिसणारं दृश्य आहे आणि सगळ्यांत चुकीचं. वरून टोपी, बाजूंनी वारा, खाली जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाटा. एवढंच हवं.

मग सप्टेंबरअखेर वाळलं की नाही ते पाहायचं. लोक मीटरच्या सुया लाकडाच्या टोकाला टोचतात आणि १४ टक्के बघून खूश होतात. टोक तर सगळ्यांत आधी वाळतं. थप्पीच्या मधल्या थरातलं एक जाड लाकूड काढायचं, ते पुन्हा मधोमध फोडायचं, आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या आतल्या पृष्ठभागावर, धाग्यांच्या दिशेनं, मधल्या भागात सुया टोचायच्या. लाकूड खोलीच्या तापमानाला आलेलं असावं. २० च्या आत आकडा आला तर थप्पी घराजवळच्या छपराखाली हलवायची. २६-२७ आला, आणि ओक असेल तर तो येतोच, तर तिला हात न लावता पुढच्या ऑक्टोबरसाठी सोडायची आणि या हिवाळ्याला अ‍ॅश काढायचा.